खंडेनवमीची बॅटरी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तळवड्याच्या शेडमधली पाच मशिनं सुरू झाली आणि थोरली झाली नाही. मेन स्विच वर केला, पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीनसुद्धा उजळली. पण स्क्रीनवर रोजचे आकडे नव्हते. लाल पट्टीत इंग्रजीतली एक ओळ लुकलुकत होती आणि तिच्याखाली जिथं पाहावं तिथं शून्य. दाराला बांधलेलं झेंडूचं तोरण अजून ताजं होतं.

थोरली म्हणजे शेडमधली सगळ्यात जुनी लेथ, कॉम्प्युटरवर चालणारी. नाव मारुतरावांनी ठेवलेलं. मारुतराव थेरगावचे, जुन्या गावठाणातले. डांगे चौकाच्या अंगाची चार एकर जमीन गेली तेव्हा भावकीतल्या कुणी बंगला बांधला, कुणी दोन-दोन गाड्या दारात लावल्या. या माणसानं मात्र एक वापरलेली जपानी लेथ उचलून आणली. सगळी भावकी हसली. हसू द्या. त्या एका लेथवर मारुतरावांनी शेड उभी केली, पुढची पाच मशिनं घेतली, मुलाला इंजिनिअर केलं. रान गेलं त्याच्या जागी ही आली, असं ते म्हणायचे आणि रोज सकाळी येऊन तिच्या पत्र्यावर हात फिरवायचे. आता वय अडुसष्ट. धंदा मुलगा जयदीप बघतो. पण शेडमधली दाराजवळची खुर्ची अजून त्यांचीच आणि सगळ्यात मोठा आवाजही त्यांचाच.

सोमवारी सर्व्हिसवाला आला. त्यानं पॅनेल उघडलं, दोन बटणं दाबून बघितली आणि मान हलवली. "मेमरी उडाली," तो म्हणाला.

मेमरी उडाली म्हणजे काय, ते त्यानं मारुतरावांना दोनदा सांगितलं, तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं. थोरलीची सगळी अक्कल एका चिपमध्ये. कुठल्या तुकड्याला किती खोल कापायचं, हत्यार कुठून आत घालायचं, कुठं थांबायचं, सगळं तिथं. वीज चालू आहे तोवर चिपला काही काळजी नाही. वीज बंद झाली की ती एका अंगठ्याएवढ्या बॅटरीवर तग धरते. आणि खंडेनवमीला सगळी मशिनं धुऊनपुसून, मेन स्विच खाली करून, हळदकुंकू वाहून दोन दिवस शांत ठेवायची, ही शेडची रीत. हत्यारांना विश्रांती. या वर्षी बॅटरी संपलेली होती. स्विच खाली गेला आणि थोरली सगळं विसरली.

"हा पिवळा दिवा बघा," सर्व्हिसवाला म्हणाला. "दीड-दोन वर्षं लुकलुकत असणार. बॅटरी बदला, असं सांगत होता तो."

दिवा सगळ्यांनी पाहिला होता. आता काय म्हणावं, गेल्या दोन खंडेनवमींना त्या दिव्यालासुद्धा पोरांनी कुंकू लावलं होतं.

जयदीपनं ड्रॉवरमधून एक कार्ड आणलं. काड्यापेटीएवढं लांबरुंद, पण चपटं. थोरलीच्या मेमरीची नक्कल त्यावर ठेवलेली असायची. हे कार्डही त्या जपानी कंपनीचंच. बाजारातलं कुठलंच कार्ड थोरलीच्या खाचेत जात नाही आणि थोरलीचं कार्ड बाजारातल्या कुठल्याच रीडरमध्ये जात नाही. जाडी वेगळी, पिना वेगळ्या, आतली लिहायची पद्धतच वेगळी. त्या काळात प्रत्येक कंपनीला वाटायचं की गिऱ्हाईक आपल्याच दावणीला बांधलेलं बरं. पुढं कंपनी मिटली. गिऱ्हाईक मात्र दावणीलाच राहिलं.

कार्ड खाचेत घातलं. रिकामं. त्याच्याही पोटात एक बटणाएवढा सेल होता, तोही कधीच मेलेला. पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला कंपनीनं मशीनच्या मूळ आकड्यांचा एक कागद चिकटवलेला होता, तो खंडेनवमीच्या सफाईत कुणीतरी डिझेलच्या बोळ्यानं असा घासला होता की एक अक्षर उरलं नव्हतं. निष्ठा म्हणजे किती असावी माणसाला!

"किती प्रोग्राम होते?" सर्व्हिसवाल्यानं विचारलं.

"चारशे बारा," जयदीप म्हणाला.

"कुणी लिहिले होते?"

जयदीपनं वडिलांकडं पाहिलं. मारुतराव तोरणाकडं बघत होते. ते नाव या शेडमध्ये आठ वर्षांत कुणी काढलं नव्हतं. शेवटी जयदीपच म्हणाला, "भीमराजकाकांनी."

भीमराज आकुर्डीचा. बाप कंपनीत फिटर, घर बौद्ध वस्तीतलं. एकोणीस वर्षं तो थोरलीवर होता. आधी नुसता चालवायचा, मग पुस्तकं आणून, स्वतःच्या डोक्यानं तिचे प्रोग्राम लिहायला लागला. देवाला तो हात जोडायचा नाही. पूजेच्या वेळी बाजूला उभा राहायचा, पेढा घ्यायचा, सगळ्यांबरोबर हसायचा. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. फक्त एक गोष्ट मारुतरावांच्या डोळ्यांत सलायची. खंडेनवमीला सगळी मशिनं बंद झाली तरी हा थोरलीचा कंट्रोल, म्हणजे तिचा कॉम्प्युटर, चालू ठेवायचा, पूजेच्या ऐन वेळेला पॅनेल उघडून आत काहीतरी करत बसायचा.

सतरा साली पूजेला पाहुणे आलेले. भटजी बसलेले, शेडमध्ये चिटपाखराचा आवाज नाही, आणि थोरलीचा पंखा गुणगुणतोय. मारुतराव म्हणाले, बंद कर. भीमराज पॅनेलमध्ये डोकं घालून होता. "पाच मिनिटं, शेठ," तो म्हणाला, "आत्ता बंद केलं तर..." त्याला पुढं बोलू दिलं नाही. पाहुण्यांसमोर मारुतरावांचा पारा चढला आणि तोंडातून निघून गेलं. "ज्याचा हात देवाला जुळत न्हाई, त्याचा हात माझ्या मशीनला लागायचा न्हाई. चल, हो बाजूला."

तेवीस कामगार उभे होते. भीमराज बाजूला झाला नाही. मारुतरावांकडं पाठ करून तो तसाच पॅनेलसमोर उभा राहिला, चांगली पाच-सात मिनिटं. मग पॅनेल लावलं, स्वतःच्या हातानं मेन स्विच खाली केला, चिंधीला हात पुसले आणि निघून गेला. राहिलेला पगार घ्यायलासुद्धा आला नाही, तो मनीऑर्डरनं पाठवावा लागला. मारुतराव पुढं कितीतरी दिवस लोकांना सांगत राहिले की मालकाकडं पाठ फिरवून उभा राहिला, एवढी मिजास. शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी सोसलं असतं. ती पाठ त्यांना सोसली नाही.

सर्व्हिसवाल्यानं संपलेली बॅटरी काढून मारुतरावांच्या हातात ठेवली. तिच्यावर पांढऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवलेला होता आणि त्यावर बारीक, सरळ अक्षरात तारीख होती. २९-९-१७. खाली एकच अक्षर, भी.

मारुतरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"ही बॅटरी बदलायला किती येळ लागतो?" त्यांनी विचारलं.

"पाचेक मिनिटं. पण वीज चालू ठेवूनच बदलावी लागते, काका. बंद करून काढली की मेमरी गेलीच. मशीन रिकामं असेल अशा दिवशी करतात हे काम."

शेडमध्ये खंडेनवमी सोडली तर थोरली कधी रिकामी नसायची. मारुतराव खुर्चीत बसले. म्हणजे त्या दिवशी त्यानं मिजाशीनं पाठ फिरवली नव्हती. तोंडावर एवढं बोलून झाल्यावर, तेवीस जणांच्या देखत मान खाली गेल्यावर, तो माणूस पाच मिनिटं आणखी थांबला आणि त्यानं बॅटरी बसवली. तारीख घातली. आणि मग गेला. त्या एका बॅटरीवर थोरलीनं पुढच्या सात खंडेनवम्या काढल्या, आठवीला तिनं जीव सोडला. मारुतरावांना लाज वाटली. आयुष्यात फार वेळा वाटली नव्हती, त्यामुळे तिचं काय करायचं ते त्यांना कळेना. बॅटरी मुठीत धरून ते तसेच बसून राहिले.

"आबा," जयदीप हळू आवाजात म्हणाला, "नवा कंट्रोल बसवण्यात अर्थ नाही आता. गुरुवारी भंगारवाल्याला बोलावलंय. तिची जागा मोकळी झाली तर नवं मशीन बसेल." मुलगा वाईट नव्हता, तो हिशोबानं बोलत होता. "नाहीतर एकच. मी भीमराजकाकांना फोन करून बघतो. त्यांच्याकडं काही असलं तर."

"फोन नगं," मारुतराव म्हणाले. "मी जातो."

मंगळवारी दुपारी ते एकटेच आकुर्डीला गेले. स्टेशनच्या मागं, तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर. एकोणीस वर्षांत या घरात त्यांनी पाय ठेवला नव्हता. गृहप्रवेशाचं आमंत्रण होतं, मुलीच्या बारशाचं होतं. दोन्ही वेळा त्यांनी पाकीट पाठवलं होतं आणि स्वतः आले नव्हते. का आले नव्हते ते त्यांना ठाऊक होतं आणि या घरालाही ठाऊक होतं.

दार उघडलं भीमराजच्या बायकोनं, सोजरबाईंनी. तिनं त्यांना लगेच ओळखलं; क्षणभर दारातच उभी राहिली, मग बाजूला सरकून म्हणाली, "या. बसा." पाणी आणून समोर ठेवलं आणि तिथंच उभी राहिली. ते पितात की नाही, हेच ती बघत होती. मारुतराव तांब्या उचलून सगळं पाणी प्यायले.

भीमराज आतून आला. केस पांढरे, चष्मा जाड, आणि उजवा हात बारीक थरथरत होता. मारुतरावांनी खिशातून बॅटरी काढून टेबलावर ठेवली.

"ही तुमी बसवलेली," ते म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी त्याला तुमी म्हटलं होतं.

भीमराजनं बॅटरी फिरवून बघितली. "आठ वर्षं चालली," तो म्हणाला. "माल चांगला होता." मग विचारलं, "मेमरी उडाली?"

"उडाली."

"ड्रॉवरमधलं कार्ड?"

"रिकामं हाय." मारुतरावांनी तेही बरोबर आणलं होतं, ते बॅटरीशेजारी ठेवलं. "भीमराज, गुरुवारी तिला भंगारात काढत्यात. चारशे बारा प्रोग्राम कुटं असतील तर तुमच्याकडं असतील. मी मागायला आलोय."

आतल्या खोलीतून एक मुलगी लॅपटॉप घेऊन बाहेर आली. अंजली, भीमराजची लेक. हिंजवडीत कामाला, त्या दिवशी घरूनच काम करत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आहेत," ती म्हणाली. "माझे तीन लॅपटॉप बदलले. दर वेळी पप्पांनी नव्यावर आधी ती फाइल टाकायला लावली. मी दोनदा म्हटलं, काढून टाकू या, ज्यांनी तुम्हाला हाकललं त्यांचं ओझं कशाला?"

"मग का न्हाई काढलं?"

"पप्पा म्हणाले, मशीन त्यांचं आहे, प्रोग्राम माझे आहेत."

इतकी वर्षं मारुतरावांनी थोरलीच्या पत्र्यावर हात फिरवला होता, ते सगळं स्वतःचंच समजून. "मी चुकलो," ते एकदम म्हणाले. "त्या दिवशी मी..."

"इथं नको, शेठ." भीमराजचा आवाज चढला नव्हता. "इथं बोलला नव्हतात. तेवीस जणांसमोर बोललात. खालच्या आळीपर्यंत गेलं ते. सोजर पाणी भरायला जायची तर बायका विचारायच्या, काय म्हणे, मशीनला हात लावू नको म्हणाले?" तो थांबला, मग म्हणाला, "फाइल देतो. कार्ड भरून देतो. पण मशीनला मी हात लावणार नाही. तुम्हीच सांगितलंय."

फाइल होती, पण फाइल लॅपटॉपवर आणि कार्ड टेबलावर; दोघांची भाषा एक नाही. मधला दुवा भीमराजनं फार पूर्वी स्वतः केला होता. कपाटाच्या वरून सोजरबाईंनी एक बिस्किटांचा डबा काढून दिला. त्यात तळहाताएवढी हिरवी पट्टी होती. एका टोकाला थोरलीच्या कार्डापुरती खाच, दुसऱ्या टोकाला लॅपटॉपची केबल, आणि मधे अडतीस केसाएवढ्या तारा, एकेक पिन शोधून हातानं डागलेल्या. कुठली पिन कशाची, हे कंपनीनं कुठंच छापलं नव्हतं. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी मीटर लावून त्यानं एकेक शोधून काढली होती. शेडमध्ये दाखवायला आणली तेव्हा मारुतराव म्हणाले होते, ही खेळणी घरी कर.

अंजलीनं जोडून बघितलं. कार्ड ओळखलं जाईना. भीमराजनं भिंग लावलं. तीन तारा सुटल्या होत्या. सोल्डरिंगची डागणी तापवली, टोक पिनेजवळ नेलं, आणि हात असा थरथरला की शेजारच्या दोन पिना एक झाल्या. पुसून पुन्हा केलं. पुन्हा तेच. अंजली पुढं झाली, पण तिनं कधी डागणी धरली नव्हती, आणि तेवढ्यात तिचा ऑफिसचा फोन वाजला.

भीमराजनं मारुतरावांच्या हाताकडं पाहिलं. "तुमचा हात थरथरतो?"

"न्हाई."

"मग धरा."

आता हे दृश्य बघा. थेरगावचे मारुतराव, ज्यांनी कामगाराच्या हातून कधी पाना घेतला तर तो रुमालानं, ते आकुर्डीच्या त्या छोट्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसलेले, नाकावर भीमराजचं भिंग, हातात डागणी. भीमराज शेजारी बसून सांगतोय. आधी पिन तापवा. आता तार. आता धूर निघाला की लगेच उचला. उचला म्हटलं ना. एकदा बोट भाजलं, मारुतरावांनी तोंडातून आवाज काढला नाही. तीन तारा जोडायला पाऊण तास लागला. मधेच सोजरबाईंनी चहा आणून ठेवला आणि तो निवला तरी दोघांपैकी कुणी पाहिलं नाही. शेवटी निवलेलाच प्यायले.

कार्डात नवा सेल घातला. अंजलीनं केबल लावली, आणि या वेळी स्क्रीनवर कार्डाचं नाव उमटलं. भीमराजनं मोठा श्वास सोडला. कार्ड भरायला बावीस मिनिटं लागली; मग त्यानं ते परत वाचायला लावलं आणि मूळ फाइलशी ताडून बघायला लावलं. एकही आकडा इकडचा तिकडं नव्हता.

बुधवारी सकाळी भीमराज शेडमध्ये आला, आठ वर्षांनी. दोन्ही हात पाठीमागं बांधलेले. खिशातून एक नवी कोरी बॅटरी काढून त्यानं टेबलावर ठेवली. "सर्व्हिसवाला चारला येईल म्हणालात ना, त्याला बसवायला सांगा. तोवर वीज जायला नको. गेली तर पुन्हा शून्य."

मग थोरलीपासून चार हात लांब उभं राहून तो मारुतरावांना सांगू लागला. खाच साफ करा. मारुतरावांनी दात घासायचा ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून खाचेत फिरवला, तर लाल-पिवळा गाळ बाहेर आला. कार्ड जायचं ते थोरलीचं तोंड, म्हणून पोरं दर वर्षी तिथंही हळदकुंकू वाहत होती. सात वेळा ब्रश धुतला तेव्हा पितळ दिसलं. मारुतराव स्वतःशीच काहीतरी बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"कार्ड घाला. बाण वरच्या बाजूला. आता तिसरं बटण. आता हिरवं दाबून धरा, मी सांगेपर्यंत."

स्क्रीन काळी झाली. शेडमधली सगळी कामं थांबली होती. मग एक आकडा आला, त्याखाली दुसरा, आणि मग रांगेनं येतच राहिले. चारशे बारा. मारुतरावांनी भीमराजच्या सांगण्यावरून एक साधा प्रोग्राम निवडला, दार लावलं, बटण दाबलं. थोरलीचं हत्यार आपल्या जुन्या जागेवरून निघालं, तुकड्याच्या अलीकडं थांबलं, आणि कापायला लागलं. तो आवाज मारुतरावांना झोपेतसुद्धा ओळखू आला असता. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

तुकडा निघाल्यावर त्यांनी टाळी वाजवून सगळ्यांना जवळ बोलावलं. पोरं हात पुसत गोळा झाली. कुणी बिहारचं, कुणी बीडचं, कुणी नुकतंच आयटीआय करून आलेलं. "ऐका रे," मारुतराव म्हणाले. "हे भीमराज. सतरा सालच्या खंडेनवमीला मी यांना..."

"शेठ," भीमराजनं अडवलं. "यांना काय माहीत?"

मारुतरावांनी पोरांकडं पाहिलं. खरंच, कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. समोर एक म्हातारा उभा आहे आणि मालक त्याच्याबद्दल काहीतरी सांगतोय, एवढंच त्यांना दिसत होतं.

"त्या दिवशी जे तेवीस होते, त्यातलं आज इथं एकही नाही," भीमराज म्हणाला. "कुणी गावी गेलं, कुणी चाकणला मोठ्या कंपनीत लागलं. त्यांच्या डोक्यात मी अजून तिथंच उभा आहे, मान खाली घालून. यांच्यासमोर बोलून ते पुसत नाही. असू द्या. मशीन सुरू झालं, झालं माझं काम." आणि तो दाराकडं वळला.

मारुतराव दोन पावलं पुढं आले. कोपर धरून अडवावं असं त्यांना वाटलं, पण धरलं नाही. तो अधिकार आपण गमावलाय, एवढं त्यांना आता कळत होतं. "भीमराज, जरा बसा," ते म्हणाले. "माझ्या खुर्चीत बसा. जयदीप, जुनं हजेरीपुस्तक काढ. सतरा सालचं. फोन नंबर हायत त्यात सगळ्यांचे."

पहिला फोन अर्जुनरावांना. ते तेव्हाचे सुपरवायझर, आता लातूरला मुलाकडं. मारुतरावांनी स्पीकर लावला आणि मोबाइल टेबलावर ठेवला.

"अर्जुनराव, मी मारुती बोलतोय, थेरगावचा. सतरा सालच्या खंडेनवमीला भीमराजला मी बोललो व्हतो, आठवतंय?"

अर्जुनराव म्हणाले, "आठवतं की. मी खाली बघत उभा होतो."

"तो मशीनची बॅटरी बदलत व्हता. मशीन जगावं म्हणून. मी त्याच्या हाताला नावं ठेवली. माझं चुकलं, ते सांगायला फोन केला. तो हितंच बसलाय, ऐकतोय."

"शेठ," अर्जुनराव म्हणाले, "मला माहीत होतं बॅटरी बदलतोय ते. मी बोललो नाही. माझंही सांगा त्याला."

दुसऱ्याला काहीच आठवत नव्हतं. मारुतरावांनी त्यालाही सगळं पहिल्यापासून सांगितलं आणि मग चूक कबूल केली. तिसऱ्याचा नंबर बंद होता. चौथ्याच्या बायकोनं फोन उचलला. चतुराबाई. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. मारुतराव म्हणाले, "बाई, त्यांनी ऐकलं व्हतं, म्हणून तुमाला सांगतो," आणि तिलाही तेच सांगितलं, शब्द न गाळता. ती म्हणाली, ते घरी येऊन बोलले होते हे, त्या दिवशी जेवले नव्हते.

पोरं आपापल्या मशीनवर जायची विसरली होती. बीडच्या पोरानं हेल्मेट काढून हातात धरलं होतं. भीमराज खुर्चीच्या टोकावर बसला होता, हात मांडीवर, आणि प्रत्येक फोनला त्याची मान थोडी वर येत होती. सातवा झाला, आठवा झाला. मारुतरावांचा आवाज बसला. जयदीपनं पाणी दिलं, त्यांनी घोट घेतला आणि पुढचं नाव बोटानं शोधलं.

"शेठ, बास," भीमराज म्हणाला.

"न्हाई. अजून पंधरा हायत."

एवढ्यात वरचे दिवे एकदा मंद होऊन पुन्हा लागले. सगळ्यांच्या माना वर गेल्या. थोरलीची स्क्रीन टिकून होती. टेबलावर नवी बॅटरी तशीच पडलेली होती आणि चार वाजायला अजून तीन तास होते.

भीमराज उठला. टेबलावरची बॅटरी घेतली, खिशातून पांढऱ्या पट्टीचा तुकडा काढून तिच्यावर चिकटवला, आणि थरथरत्या हातानं, मनगट दुसऱ्या हातानं घट्ट धरून, आजची तारीख लिहिली. मग थोरलीजवळ जाऊन त्यानं पॅनेलचं दार उघडलं.

"तुम्ही करा फोन," तो म्हणाला. "माझं पाच मिनिटांचं काम आहे."

आणि मारुतरावांकडं पाठ करून तो पॅनेलसमोर उभा राहिला. मारुतरावांनी त्या पाठीकडं बघत नववा नंबर लावला.